१७ सप्टेंबरच्या भाषणाआधी

प्रति,
मा. जिल्हाधिकारी,
आदिलाबाद जिल्हा, तेलंगणा

महोदय,



१७ सप्टेंबर जवळ आला की तुमच्या कार्यालयात एक फाइल फिरू लागत असेल. मंडप कुठे, मानवंदना कोण घेणार, शाळेची मुलं कोणत्या गाण्यावर नाचणार, पावसाचं काय करायचं. या सगळ्याची उत्तरं मागच्या वर्षीच्या फाइलीत सापडतात. सापडत नाही ते एकच, दिवसाचं नाव. २०२२ साली राज्य सरकारने तो राष्ट्रीय एकात्मता दिन म्हणून केला आणि त्याच सकाळी सिकंदराबादच्या परेड ग्राउंडवर केंद्र सरकारने हैदराबाद मुक्तिदिन केला. मार्च २०२४ मध्ये केंद्राने मुक्तिदिनाची रीतसर अधिसूचना काढली. तोवर राज्यातलं सरकार बदललं होतं, आणि सप्टेंबरात त्याच दिवसाला ‘प्रजा पालना दिनोत्सवम्’ हे तिसरं नाव मिळालं. डावे पक्ष सशस्त्र लढ्याचा सप्ताह पाळतात, तो वेगळाच.

रेल्वेने किनवटला उतरा, तिथे हाच दिवस मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन असतो. राजुऱ्याला राजुरा मुक्तिदिन. तिकडे कलबुर्गीला कल्याण कर्नाटक उत्सव. यातल्या किनवटला किंवा राजुऱ्याला जायला आदिलाबादहून पैनगंगाही ओलांडावी लागत नाही. जुन्या काळी पैनगंगेच्या अलीकडे निजाम आणि पलीकडे इंग्रज असा हिशेब होता, आणि किनवट, राजुरा, आदिलाबाद ही तिन्ही गावं अलीकडचीच, एकाच जिल्ह्यातली. १ नोव्हेंबर १९५६ ला भाषावार प्रांतरचना झाली तेव्हा किनवट आणि राजुरा हे तालुके आणि बोथ तालुक्यातलं इस्लापूर मंडळ इथून निघून मुंबई राज्यात गेलं. नांदेडकडून मुधोळ, भैंसा, कुबीर इकडे आले. माझे मामा किनवटला राहिले, आम्ही इथे. त्यांच्या नातवंडांच्या पुस्तकात स्वामी रामानंद तीर्थ आहेत, माझ्या नातवंडांच्या पुस्तकात कोमरम भीम. दोघेही हवेतच. पण एका सरहद्दीने कोणाला ‘मुक्ती’ द्यायची आणि कोणाला ‘एकात्मता’, हे ठरवून टाकलं, याचं मला राहून राहून नवल वाटतं.

हे पत्र मी मराठीत लिहितो आहे. तुमच्या कार्यालयात ते वाचून दाखवणारा माणूस सापडायला वेळ लागणार नाही. बेला आणि जैनथ या मंडलांतून येणाऱ्या निम्म्या अर्जांची भाषा मनातल्या मनात मराठीच असते, कागदावर ती तेलुगू होते एवढंच.

नाव कोणतं ठेवावं, हे सांगायला मी लिहीत नाही. तो निर्णय तुमच्या हातात नाही, हे मला कळतं. माझी विनंती भाषणातल्या मजकुराबद्दल आहे, आणि तिच्याकडे यायला थोडं लांबून यावं लागेल. कारण आपल्या या १७ सप्टेंबरचं प्रकरण एके काळी पॅरिसला जाऊन आलेलं आहे, हे इथे फारसं कोणी सांगत नाही.

२१ ऑगस्ट १९४८ ला निजामाच्या सरकारने संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेकडे भारताविरुद्ध तक्रार केली. परिषदेची त्यावरची बैठक सप्टेंबरात पॅरिसला भरली. हैदराबादच्या बाजूने मोईन नवाझ जंग, भारताच्या बाजूने रामस्वामी मुदलियार. १६ सप्टेंबरला विषय कार्यसूचीवर घ्यायला आठ मतं पडली, तीन देश तटस्थ राहिले. इकडे १३ तारखेलाच भारतीय फौजा आत शिरल्या होत्या. पॅरिसला हैदराबाद हे ‘राष्ट्र’ मानायचं की नाही यावर वकिली चालू असताना सोलापूरकडून निघालेले रणगाडे राजधानीजवळ पोहोचत होते. १७ ला शरणागती. १८ ला निजामाचे सेनापती एल इद्रूस यांनी मेजर जनरल जयंतो नाथ चौधरी यांच्यापुढे ती रीतसर पार पाडली. पाच दिवस पुरले.

त्या तक्रारीतली गंमत अशी, की तिच्यातली बरीचशी माहिती खरी होती. ८२ हजार चौरस मैलांचं राज्य, एक कोटी साठ लाखांवर लोक, संयुक्त राष्ट्रांच्या कितीतरी सभासदांपेक्षा मोठं. स्वतःचं नाणं, स्वतःची रेल्वे, टपाल, रेडिओ. नोव्हेंबर १९४७ चा जैसे थे करार झालेला. मीठ, पेट्रोल, औषधं अडवली जात असल्याचं गाऱ्हाणं. परदेशी माणसाला हे चित्र आधीपासून ओळखीचंही होतं. १९३७ साली ‘टाइम’ साप्ताहिकाने निजामाचा चेहरा मुखपृष्ठावर छापला होता तो जगातला सर्वांत श्रीमंत माणूस म्हणून. लंडनमध्ये तो ब्रिटिशांचा विश्वासू दोस्त. चर्चिल तर पार्लमेंटात त्याची बाजू घेऊन बोलले. एक जुनं, शांत, सभ्य राज्य आणि शेजारी एक नवा दांडगा देश, अशी ती गोष्ट. कच्चं काही नव्हतं तिच्यात. फक्त त्या एक कोटी साठ लाखांतले बहुसंख्य लोक काय म्हणतात, हे नव्हतं. तेलुगू, मराठी, कन्नड बोलणाऱ्यांवर उर्दूतून कारभार चालतो, ‘वंदे मातरम्’ म्हटलं म्हणून १९३८ साली उस्मानिया विद्यापीठातून पोरं काढून टाकली जातात, स्टेट काँग्रेसवर जन्मतःच बंदी येते आणि रामानंद तीर्थांसारखा संन्यासी माणूस पुन्हा पुन्हा तुरुंगात जातो, हे नव्हतं. खोटं एकही वाक्य न लिहिता खोटी गोष्ट सांगता येते. पॅरिसचा तो अर्ज हा त्याचा नमुना.

दिल्लीने काय केलं? दिल्लीने श्वेतपत्रिका काढली. रझाकार या निजामाच्या बाजूच्या सशस्त्र टोळ्यांचे अत्याचार, कराचीहून सिडनी कॉटन नावाच्या ऑस्ट्रेलियन वैमानिकाने चोरून उडवत आणलेली शस्त्रं, सरहद्दीवरच्या धाडी. हेही खरंच. मे १९४८ मध्ये बिदरकडच्या गोरट्याला आणि २७ ऑगस्टला भैरनपल्लीला जे झालं ते वाचून आजही पोटात कालवतं. शिवाय रझाकारांचा म्होरक्या कासिम रझवी हा लातूरचा वकील रोज उठून लाल किल्ल्यावर आसफजाही झेंडा लावण्याच्या गर्जना करत होता. दिल्लीची बाजू जगापुढे मांडायला त्याच्याइतकी मदत कोणीच केली नसेल. रणगाडे, विमानं आणि मोठ्या फौजेच्या त्या मोहिमेला ‘पोलीस कारवाई’ म्हटलं गेलं, कारण लढाई म्हटलं असतं तर पॅरिसवाल्यांना बोलायला जागा झाली असती. मला यात गैर काही दिसत नाही. सरकारं असंच बोलतात. गैर पुढचं आहे, तिकडे मी येतो.

त्याआधी निजामाच्या पलटीची दोन वाक्यं. ऑगस्टमध्ये ज्याच्या सरकारने सुरक्षा परिषदेचं दार ठोठावलं, त्याने २३ सप्टेंबरला रेडिओवर सांगितलं की एका छोट्या टोळीने हिटलरच्या पद्धतीने राज्य बळकावलं होतं आणि आपण पार असहाय होतो. तक्रारही त्याने मागे घेतली. सुरक्षा परिषदेत ते प्रकरण १९४९ च्या मे महिन्यापर्यंत रेंगाळलं, पाकिस्तानने त्यावर भाषणंही केली, पण ज्याच्या नावाने गोष्ट सांगायची तो नायकच गोष्टीतून उठून गेला होता. आणि मग? २६ जानेवारी १९५० ला भारत सरकारने त्याच निजामाला हैदराबादचा राजप्रमुख केलं. १९५६ पर्यंत तो त्या पदावर होता.

हे एक तथ्य मुक्तिदिनाच्या कुठल्याही भाषणात मी ऐकलेलं नाही. ज्याच्या जोखडातून मुक्त झालो तोच राजप्रमुख, हे त्या गोष्टीत बसत नाही. एकात्मतेच्या गोष्टीत दुसरं काही बसत नाही. दोघांनी बसून सह्या केल्या आणि एक झालो, असा तिचा सूर. त्यात तुरुंग नाहीत, सरहद्दीवरच्या छावण्या नाहीत, उमरीची बँक लुटणारे तरुण नाहीत. डाव्यांच्या गोष्टीत सैन्य येतं ते शेतकऱ्यांचा लढा चिरडायला, आणि १९५१ पर्यंत तो लढा चालला हे खरंच आहे. पण मे १९४८ मध्ये निजामाच्या सरकारने कम्युनिस्ट पक्षावरची बंदी उठवली होती, या प्रसंगावर ते भराभर पानं उलटतात. जुन्या शहरातल्या ‘सुकूत-ए-हैदराबाद’च्या आठवणीत राज्य कोसळल्याचं दुःख असतं, रझाकार मात्र पुसट असतात.

आता आमची मराठी गोष्ट. ती मी आतून ओळखतो, म्हणून तिच्याबद्दल जरा जास्त बोलतो. अनंत भालेरावांनी हैदराबादच्या स्वातंत्र्यसंग्रामावर लिहिलेलं पुस्तक आमच्याकडे घरोघरी वाचलं गेलं. त्या लढ्यात लोकांनी जे सोसलं ते सोसलंच. पण १८ सप्टेंबरनंतर काय झालं, हे विचारलं की आमच्या सभेत खोकल्याची साथ येते. नेहरूंनी पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांना पाहणीला धाडलं. २९ नोव्हेंबर ते २१ डिसेंबर १९४८ असं ते फिरले. त्यांच्या अहवालात पोलीस कारवाईच्या काळात आणि तिच्यानंतर मेलेल्यांचा अंदाज आहे, हात आखडून धरला तरी २७ ते ४० हजार. सर्वांत जास्त सोसलं ते उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड या चार जिल्ह्यांनी. मरणारे बहुतेक मुसलमान, आणि त्यातल्या फार थोड्यांचा रझाकारांशी संबंध असावा. सरदार पटेलांना ही पाहणीच मान्य नव्हती. सरकारने अहवाल छापला नाही. अभ्यासकांनी त्याचे भाग पुढे छापले, दिल्लीच्या पूर्वीच्या नेहरू संग्रहालयात तो आता वाचायला मिळतो. हिंदू विणकरांनी जिवावर उदार होऊन मुसलमान विणकरांना वाचवल्याचंही त्याच अहवालात आहे. पण अहवालच कोणी काढत नाही, तर ते तरी कसं बाहेर यावं?

नांदेड म्हणजे काही लंका नव्हे, महोदय. मुधोळ आणि भैंसा तेव्हा नांदेड जिल्ह्यातच होते.

कोणी म्हणेल, हे उकरून काढून काय मिळणार? उलट तेढ वाढेल. मला उलटं वाटतं. रझाकारांनी केलेलं सांगायचं आणि नंतरचं गाळायचं, असं केलं की ऐकणाऱ्याला पहिल्याचाही संशय येऊ लागतो. पाकिस्तानातून कोणी हैदराबादचं नाव काढलं की आपल्याकडची शिकलेली मुलं एकदम गडबडतात, कारण त्यांनी अर्धीच बाजू वाचलेली असते आणि दुसरी अर्धी शत्रूच्या तोंडून पहिल्यांदा ऐकावी लागते. आपला इतिहास आपल्याला परक्याने सांगावा, यापेक्षा तुमच्या मंडपातून तो सांगितलेला बरा.

आणि गाळलेल्या तथ्यांची सर्वांत करुण गोष्ट ज्याची आहे, त्याचं नाव तरी मुलांना माहीत असावं. शोएबुल्ला खान. ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाचा तरुण संपादक. हैदराबादने भारतात सामील व्हावं, रझाकार बरखास्त करावेत, असं तो राजधानीत बसून उर्दूत लिहीत होता. ऑगस्ट १९४८ मध्ये, सुरक्षा परिषदेकडे अर्ज गेला त्याच सुमारास, रझाकारांनी त्याला रात्री गाठलं, ज्या हाताने लिहीत होता तो हात तोडला आणि मारून टाकलं. मुक्तिदिनवाल्यांना तो मुसलमान म्हणून अडचणीचा, ‘सुकूत’वाल्यांना तो भारताच्या बाजूचा म्हणून नकोसा, एकात्मतेच्या सोहळ्यात रक्त नको म्हणून नाही, आणि आम्हा मराठी माणसांच्या गोष्टीत सगळे नायक आधीच भरलेले. कोणी त्याला लपवलेलं नाही. कोणाच्याच गोष्टीला त्याची गरज पडली नाही, इतकंच.

तथ्य हरतं ते बहुतेक वेळा असं हरतं. आपण समजतो, खोटं बोलणारा जिंकतो. तसे प्रकार असतातही. १९९० च्या ऑक्टोबरात एका पंधरा वर्षांच्या कुवेती मुलीने अमेरिकेत खासदारांपुढे रडत रडत सांगितलं, की इराकी सैनिकांनी इस्पितळातली बाळं इन्क्युबेटरमधून काढून फरशीवर मरायला टाकली. अमेरिकेचे अध्यक्ष ती हकिकत भाषणांतून सांगत सुटले. युद्ध झालं, संपलं, आणि मग १९९२ च्या जानेवारीत लोकांना कळलं की ती मुलगी कुवेतच्या राजदूतांची होती आणि तिची साक्ष एका जनसंपर्क कंपनीने बसवून घेतली होती. ते उघडकीला आलं तेव्हा कोणाला त्याचं काही उरलं नव्हतं. पण असं सपशेल खोटं पकडता तरी येतं. पॅरिसच्या अर्जासारखं, श्वेतपत्रिकेसारखं, आमच्या सभांसारखं, खऱ्याखऱ्या तथ्यांनी रचलेलं अर्धं सत्य पकडायचं कुठे?

आपल्या बाजार समितीत कापूस आला की गाडीत ओलावा मोजायचं यंत्र खुपसतात. आठ टक्क्यांपर्यंत पूर्ण हमीभाव, बारापर्यंत कापत कापत, त्यापुढे भारतीय कापूस निगम (सीसीआय) घेत नाही. शेतकरी भांडतो, पण भांडण त्या यंत्रावरच्या आकड्याशी असतं. गोष्टीत किती पाणी मुरलं आहे ते दाखवणारं यंत्र नसतं, आणि ज्याला ती गोष्ट आवडलेली असते त्याला मोजायची इच्छाही नसते.

मे २०२५ मध्ये हे आपण सर्वांनी पाहिलं. ८ तारखेच्या रात्री काही वाहिन्यांनी भारतीय नौदलाने कराची बंदर उद्ध्वस्त केल्याचं ओरडून सांगितलं. आमच्या गल्लीत त्या रात्री फटाके वाजले. सकाळी बंदर जागेवर होतं. तिकडे पाकिस्तानात भारताची महिला वैमानिक पकडल्याची बातमी फिरत होती, तीही तितकीच खोटी. व्हिडिओ गेममधली दृश्यं हवाई हल्ला म्हणून दोन्हीकडे पोचली. पत्र सूचना कार्यालय खुलासे काढत होतं. आमच्या व्हॉट्सॲप गटात खुलासा एकानेही पुढे पाठवला नाही. लोक मूर्ख होते असं नाही. कराचीच्या बातमीत त्यांना स्वतःची जागा होती, आपण जिंकतो आहोत अशी. खुलाशात कोणाचीच जागा नव्हती.

हे प्रकार फक्त देशांच्या लढाईत होतात असं तुम्ही म्हणणार नाही. तुम्हाला ते जवळून ठाऊक आहे. २०१७ च्या डिसेंबरात उटनूरकडे गोंड आणि लंबाडा समाजांत पेटलं तेव्हा आणि सप्टेंबर २०२४ मध्ये जैनूरला जाळपोळ झाली तेव्हा प्रशासनाला पहिल्यांदा बंद करावं लागलं ते इंटरनेट. जैनूरला ज्या स्त्रीवर अत्याचार झाला तिच्याबद्दलची खरी माहिती इस्पितळात आणि पोलीस ठाण्यात होती. रस्त्यावर मात्र प्रत्येकाकडे आपापली तयार गोष्ट होती. यावर अधिक लिहीत नाही. त्या प्रकरणाला अजून जखमा आहेत.

कोमरम भीम यांच्याबद्दल मात्र लिहायलाच हवं, कारण ते या जुन्या जिल्ह्याचे आणि जगापुढेही तेच गेले आहेत. २०२२ च्या ‘आरआरआर’ चित्रपटातला भीम इंग्रजांशी दिल्लीत लढतो, अल्लुरी सीताराम राजूंचा जिवलग मित्र होतो, आणि त्यातल्या ‘नाटू नाटू’ला २०२३ साली ऑस्कर मिळतं. या दोघांची भेट झाल्याचा कुठे पुरावा नाही. चित्रपट आहे, चालायचंच. पण जोडेघाटचा भीम इंग्रजांशी लढला नव्हता. निजामाचं वनखातं गोंडांना त्यांनीच जंगल तोडून तयार केलेल्या शेतांतून हाकलत होतं, जमिनीचे पट्टे देत नव्हतं. भीम आधी अर्ज करत राहिला, मग बंदूक उचलली. १९४० मध्ये निजामाच्या पोलिसांनी त्याला मारलं. नेमकी तारीख पुस्तकागणिक बदलते. गोंड लोक मात्र आश्विनाच्या पौर्णिमेला जोडेघाटला जमतात, त्यांचं काही अडत नाही. तो मेल्यावर निजामाच्या सरकारने हाइमेनडॉर्फ या ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञाला ‘असं का झालं’ हे शोधायला पाठवलं, आणि त्याने शोधलेलं कारण जमीन हेच होतं. आज त्या भीमाला प्रत्येक पक्ष १७ सप्टेंबरच्या फलकावर बसवतो. निजामाविरुद्ध लढला, म्हणून हक्काचा. जमिनीचा विषय फलकावर येत नाही. जंगलातल्या पोडू शेतीच्या पट्ट्यांचे अर्ज तुमच्याकडे आजही येतात, म्हणून सांगतो.

निर्मलच्या बंडखोर रामजी गोंडांचंही तेच. १८६० ची ती फाशी, हजार फासांचा तो वड. हजार हा आकडा लोकांच्या तोंडचा आहे, कागदाचा नाही. तिथे २०२१ च्या १७ सप्टेंबरला केंद्रीय गृहमंत्र्यांची सभा झाली आणि १८६० आणि १९४८ एका दमात जोडले गेले. मधल्या ८८ वर्षांत जमिनी कोणाच्या नावावर झाल्या, हे कोणी विचारलं नाही.

आता विनंती.

या वर्षी पाहुण्यांचं भाषण व्हायचं ते होऊ द्या. ते हैदराबादहून लिहून येईल, त्यात हात घालता येणार नाही. त्यानंतर अर्धा तास मागतो. त्या अर्ध्या तासात भाषण नको, कागद वाचले जावेत. निजामाच्या ऑगस्टमधल्या तक्रारीचा एक परिच्छेद, त्याच्याच २३ सप्टेंबरच्या रेडिओ भाषणाचा एक, दिल्लीच्या श्वेतपत्रिकेतलं रझाकारांच्या अत्याचारांचं वर्णन, सुंदरलाल समितीचं एक पान, राजप्रमुख नेमणुकीची ओळ, आणि शोएबुल्ला खानच्या मृत्यूची बातमी. एकापाठोपाठ एक, मध्ये टीका-टिप्पणी नको. तेलुगू, मराठी, उर्दू आणि गोंडी. गोंडीसाठी उटनूरच्या एकात्मिक आदिवासी विकास संस्थेत माणसं आहेत, आणि नारनूरजवळच्या गुंजाळाला जी गोंडी लिपी सापडली ती वाचणारी पोरंही आता तयार झाली आहेत.

ऐकणाऱ्यांचं मत एका सकाळीत बदलेल, या भ्रमात मी नाही. बहुतेक जण आपापल्या गोष्टीला सोयीचा परिच्छेद घरी नेतील. तरी चालेल. निदान बाकीचे परिच्छेद कानावरून गेले, हे त्यांना नाकारता येणार नाही. आणि शाळेच्या नाटुकल्यात खलनायकाला कोणती टोपी घालायची, हे ठरवताना एखादी बाई दोन मिनिटं थांबेल.

केसलापूरच्या नागोबा जत्रेत दरबार भरतो. जोडेघाटनंतर, हाइमेनडॉर्फच्या काळात सुरू झालेली ती रीत. त्या दिवशी अधिकारी बसतात आणि मेसराम मंडळी, गोंड, परधान, कोलाम बोलतात. सरकारने ऐकायचं, हा त्याचा नियम. वर्षातल्या सगळ्या सरकारी दिवसांत मला तो एकच दिवस खरा वाटत आला आहे. १७ सप्टेंबरलाही तसं काही जमलं, तर मुधोळ, भैंसा, बोथकडच्या घरांत १९४८ च्या त्या दिवसांच्या ज्या आठवणी आहेत, हिंदूंच्या आणि मुसलमानांच्या, त्या कोणीतरी लिहून घ्यावात. १९४८ साली दहा वर्षांचा असलेला माणूस आज नव्वदीला टेकला आहे. कोणी कोणाला धान्याच्या कणगीत लपवलं, कोणी कोणाचं घर दाखवून दिलं, दोन्ही लिहून घ्यावं. निर्मल आता वेगळा जिल्हा आहे, हे मला माहीत आहे. २०१६ ची सरहद्द आठवणींना लागू नसावी.

एक शेवटचं, आणि हे खरंच तुमच्या सहीने होण्यासारखं आहे. जुन्या तहसिलींमध्ये १९४७ ते १९४९ चं जे दप्तर उरलं असेल, पंचनामे, तुरुंगाची रजिस्टरं, गावसोड केलेल्यांच्या जमिनींच्या नोंदी, ते बहुतेक सगळं उर्दूत आहे, शिकस्ता या मोडत्या वळणात लिहिलेलं. ते शोधून तारनाक्याच्या राज्य अभिलेखागारात नीट पोचवायला हवं, आणि त्याआधी त्याची छायाचित्रं काढायला हवीत. मराठी भाषांतराचं काम आम्ही काही जण फुकट करू. पण शिकस्ता वाचणारे निवृत्त शिक्षक आदिलाबाद आणि भैंसा मिळून हाताच्या बोटांवर मोजण्याइतके राहिले आहेत, आणि त्यांच्यातले बरेच जण मोतीबिंदूची शस्त्रक्रिया पुढे ढकलत आहेत. त्यांना बोलावणं पाठवायला सप्टेंबरपर्यंत थांबू नये.

कळावे,

आपला नम्र,
आदिलाबादचा एक मराठी रहिवासी